पायरीचा खांदा

धामणकर नाक्यावरून जाखमातेच्या टेकडीपर्यंतची पदयात्रा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निघते. त्या वर्षी तो रविवार आणि वर्ल्ड कपची फायनल एकाच दिवशी येणार, हे बॅनर छापून झाल्यावर कळलं. यात्रा आठवडाभर पुढं ढकलावी अशी सूचना बैठकीत आली होती. पण बॅनरवर तारखेच्या शेजारी अध्यक्ष बाळारामशेठ हात जोडून उभे होते, आणि तारीख रद्द करायची तर शेठनाही रद्द करावं लागलं असतं. देवीची तारीख माणसानं बदलायची नसते, असं मग सर्वानुमते ठरलं.

सुधीर कर्णिकांना यात्रा कोणत्याही परिस्थितीत व्हायला हवी होती. कर्णिक ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. देवावर आपला तसा विश्वास नाही, परंपरेवर आहे, असं ते स्टाफरूममध्ये सांगत. हे मंडळ त्यांच्या वडिलांनी आणि नाक्यावरच्या चार कारकून-मास्तरांनी वर्गणी काढून सुरू केलं होतं. पुढं आसपासच्या गावांतल्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली, वर्गणीची जागा देणगीनं घेतली आणि मंडळ शेलार गावच्या बाळारामशेठकडं गेलं. जुन्या मंडळींकडं इतिहास राहिला.

आणि एक मान राहिला. टेकडीच्या पायऱ्या चढताना पालखीचा पुढचा उजवा खांदा ज्याचा, तो देवळात सगळ्यांच्या आधी शिरतो. नारळ त्याच्या हातून फुटतो, शाल त्याला मिळते. याला पायरीचा खांदा म्हणत. हा मान फिरता होता, एकाला आयुष्यात एकदाच, आणि अट एवढीच की माणूस पूर्ण वाट पायी चाललेला हवा. कर्णिक अकरा वर्षं चालत होते. यंदा त्यांचा नंबर होता.

पुढच्या वर्षी नंबर असता तरी उपयोग नव्हता. ऑगस्टमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाकडं धरला होता आणि "अजून चालता?" असं विचारलं होतं, "अजून हयात आहात?" असं विचारावं तसं. हे कर्णिकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सुमतीनं मात्र यंदा आमच्या ह्यांचा मान आहे हे सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर सांगून ठेवलं होतं.

यात्रा पहाटे वेळेवर निघाली आणि शेलारला पोचताच अडकली. गावात शेठचं स्वागत होतं. शेठ स्वतःच यात्रेत असल्यामुळं ते स्वागत करायला पुढं धावले आणि स्वीकारायला मागं आले. ओवाळणी झाली, मिसळ झाली, डीजे झाला, महिला आघाडीचा सत्कार झाला. पुढं कवाडलाही बॅनर होता. बॅनर दिसला की यात्रा थांबायची. निवडणूक कधी लागणार ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं सगळीकडंच थांबणं भाग होतं.

परिणाम असा, की बारा वाजून गेले तरी पालखी अनगावातच. सामना दोनला. तो बघायची सोय अंबाडीच्या अलीकडं शेठच्या नव्या गोडाऊनमध्ये केलेली. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, खाली चटया, शेजारी महाप्रसाद. चालत गेलं तर पोचेपर्यंत अर्धी इनिंग संपली असती.

"टेम्पो हाय," राघो म्हणाला. राघो शेठचा चुलतभाऊ आणि मंडळाचा खजिनदार. पाण्याचे जार वाहणारा टेम्पो यात्रेच्या मागून येतच होता.

"टेम्पोत बसून पदयात्रा?" गुणाबाई म्हणाल्या. सत्तरीच्या गुणाबाई दरवर्षी अनवाणी चालत आणि दरवर्षी तोंडानं सगळ्यांच्या पुढं असत. "मंग त्यापरीस घरीच बसायचं व्हतं ना रं. आईचा फोटू तिथं बी हाय."

"बसायचं कोण म्हणतंय, काकी? उभं रायचं. पाय हलवत रायचं."

हे लोकांना पटण्यासारखं होतं, पण पटवून घ्यायला आधार हवा होता. सगळ्यांच्या नजरा कर्णिकांकडं वळल्या.

"सर, तुमी फिजिक्सचे," बाळारामशेठ म्हणाले. शेठ कर्णिकांना नेहमी मान देत, कारण त्याला पैसे पडत नसत. "टेम्पोत चाललेलं चालणं धरतात का न्हाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं तर टोळी टेम्पोत बसणार, आपण एकटे मागून चालत जाणार, पालखी पुढं निघून जाणार, आणि खांदा लावायला पालखीच नसणार. शिवाय फायनल त्यांनाही बघायची होती. बोर्डासमोर उभं राहिल्यासारखे कर्णिक खाकरले.

"हे बघा. चालणं म्हणजे काय, तर पाय उचलून पुढे टाकणं. आता पुढे म्हणजे कशाच्या तुलनेत, हे निरीक्षक कुठे उभा आहे त्यावर ठरतं. टेम्पोतल्या निरीक्षकाच्या दृष्टीने तुम्ही टेम्पोच्या फळीवर चाललात, तर तुम्ही चाललात."

"निरीक्षक कोण?" दौलतनं विचारलं. दौलत शेठचा मेहुणा, त्याला सरकारी अधिकाऱ्याचा संशय आला.

"देवी," कर्णिक म्हणाले. "पालखी टेम्पोतच असेल ना?"

शिक्षण कशासाठी घ्यायचं असतं, ते त्या क्षणी अनगावला समजलं.

"फक्त जागच्या जागी पाय आपटून चालणार नाही," कर्णिकांनी प्रामाणिकपणे पुढं जोडलं. "अंतर कापलं गेलं पाहिजे."

"म्हंजे मागच्या फाळक्यापास्नं केबिनपरेंत चालायचं?"

"हो."

"आन् केबिन आली की?"

"मागे फिराल. पण मागे चाललेलं अंतर वजा होतं."

यावर बराच खल झाला. शेवटी तोडगा राघोनंच काढला. केबिनपर्यंत चालायचं, मग खाली बसून सरकत सरकत फाळक्यापर्यंत मागं यायचं आणि पुन्हा उठून चालायचं. बुडावर कापलेलं अंतर पायी धरत नाहीत, म्हणजे वजाही होत नाही. कर्णिकांनी क्षणभर विचार करून याला मान्यता दिली.

अनगावपासून पुढं हा टेम्पो ज्यांनी पाहिला, ते अजून त्याबद्दल बोलतात. मधोमध चौघांच्या खांद्यावर पालखी, दोन्ही बाजूंनी तीस-पस्तीस माणसं केबिनकडं चालत निघालेली, केबिन आली की धपकन खाली बसणारी आणि चेंगरत मागं सरकणारी. "जाखमाता की जय" चालू. उत्तर प्रदेशचा ड्रायव्हर दोनदा गाडी थांबवून मागं बघून गेला. "सेठ, अंदर सब ठीक है ना?" त्यानं विचारलं. "गाडी बहुत हिल रही है."

"तू चल रे," शेठ केबिनमधून म्हणाले. शेठ केबिनमध्ये बसले होते, पण त्यांचेही पाय हलत होते.

कर्णिक चाललेही आणि सरकलेही. प्रत्येक वेळी उठताना उजवा गुडघा कुरकुरायचा. पँटची मागची बाजू टेम्पोच्या फळीनं झिजत होती. पण अट पूर्ण होत होती.

गोडाऊन भाड्यानं दिलेलं होतं आणि छतापर्यंत लहान मुलांच्या डायपरच्या खोक्यांनी भरलेलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत चटया पडल्या. पालखी लोखंडी स्टँडवर ठेवली, देवीचं तोंड पडद्याकडं करून. भारताची बॅटिंग सुरू झाली. पहिली काही षटकं इतकी छान गेली की गुणाबाईंनीही माळ खाली ठेवली. मग विकेटी पडल्या, आणि उरलेल्या वेळात बॅट्समन असे खेळले की जणू त्यांनाही पायी अंबाडीला जायचं होतं. दोनशे चाळीस. महाप्रसादाचा शिरा कुणालाच गोड लागला नाही.

कर्णिकांचं लक्ष घड्याळाकडं होतं. टेकडीवरचा पुजारी सातला आरती करून खाली उतरतो, फार तर शेठच्या नावावर नऊपर्यंत थांबेल. मधल्या सुट्टीत ते शेठच्या शेजारी जाऊन बसले.

"शेठ, आता निघालो तर आरतीला पोचू. आलो की पुढची मॅच बघता येईल."

"सर, आई कुठं पळून चाललीय का?" शेठ म्हणाले. "मॅच चाललीय."

ऑस्ट्रेलियाची पहिली विकेट पडली, दुसरी पडली. लोकांनी गोडाऊन डोक्यावर घेतलं. आता तर कुणी उठणार नव्हतं. कर्णिकांनी मग एक युक्ती केली. त्यांनी अनंता, राघो आणि दौलत या तिघांना गाठलं. तिघंही यंदाचे खांदेकरी, म्हणून तिघांनाही कधी ना कधी उठायचंच होतं. "नुसती उचलून धरू," ते म्हणाले. "पालखी उचललेली दिसली की लोक आपोआप उठतील. देवीसमोर कोण बसून राहील?"

तिघं कुरकुरत आले. एक, दोन, तीन. पालखी वर गेली. पुढचा उजवा दांडा कर्णिकांच्या खांद्यावर बसला आणि त्यांना वडील आठवले, अकरा वर्षांची वाट आठवली, शाल आठवली. ते दाराकडं तोंड करून पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात पाठीमागं गोडाऊन फुटलं.

"आउट! आउट! एलबी!"

सत्तेचाळीसला तीन. कर्णिक वळून बघायला गेले.

"सर!" बाळारामशेठ ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते कर्णिकांना मनापासून ओरडले. "हलू नका! आहे तिथंच! तोंड फिरवू नका!"

पडद्यावर रिप्ले आला आणि गोडाऊनमध्ये कुजबुज पसरली. चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर पायाला लागला होता. बॅट्समननं रिव्ह्यू घेतला असता तर वाचला असता.

"मग घेतला का न्हाय रिव्ह्यू?" दौलत पालखीखालून ओरडला.

"आईनं घेऊ दिला न्हाय," गुणाबाई म्हणाल्या, आणि हात जोडून आधी पालखीला आणि मग कर्णिकांच्या पाठीला नमस्कार केला. "मास्तराच्या खांद्याला पायगुण हाय रं. उचलली आन् पाडली."

झालं. जो जिथं होता तिथं थिजला. अर्धा ढोकळा तोंडाशी नेलेल्या एका सभासदानं तो तसाच धरून ठेवला. बाथरूमला निघालेला एकजण दारात उभा राहिला, दोन्ही अर्थांनी थांबून. आणि कर्णिक, ज्यांना पालखी घेऊन बाहेर पडायचं होतं, ते पालखी घेऊन दाराकडं तोंड करून, सामन्याकडं पाठ करून उभे राहिले.

पहिली दहा मिनिटं त्यांना बरं वाटलं. आख्ख्या मंडळाचं लक्ष त्यांच्यावर होतं. शेठचा मुलगा मनोज समोर येऊन फोटो काढून गेला. "सर, एक नंबर," तो म्हणाला. विकेट मात्र पडत नव्हती.

अर्ध्या तासानं अनंताला राहवेना. त्यानं आपल्या कोपऱ्याखाली डायपरचे खोके रचले आणि हळूच निसटला. राघो आणि दौलत मागच्या बाजूला होते. त्यांच्यासाठी मनोजनं फोर्कलिफ्ट आणली आणि तिचे दोन लांब लोखंडी हात मागच्या दांड्यांखाली घातले. "जरा वर... अजून... बस, बस." पालखी अगदी समपातळीत आली. राघो-दौलत चटईवर जाऊन आडवे झाले. कुणाची काही हरकत नव्हती.

"माझ्याही खाली एक खोका लावा की," कर्णिक म्हणाले.

शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, विकेट खोक्यानं न्हाय घेतली."

चौकार गेल्याचा आवाज आला. म्हणजे आवाज आलाच नाही, त्यावरूनच कळलं. कर्णिकांनी वजन डाव्या पायावर घेतलं.

"हां! बघा!" मागून दौलत म्हणाला. झोपलेल्या माणसाची नजर बारीक असते. "मघाशी सर उजव्या पायावर व्हते. पाय बदलला, म्हणून गेली फोर."

"सर, उजवा," शेठ म्हणाले.

"शेठ, तो गुडघा जरा..."

"सर. देशाचा प्रश्न हाय."

कर्णिकांनी वजन उजव्या पायावर घेतलं. वर्गात दरवर्षी ते नाणेफेकीचं उदाहरण देत. आधीच्या नाण्याला पुढच्या नाण्याची आठवण नसते, असं सांगत. ते सगळं त्यांना आठवत होतं. पण विकेट पडली तर आपण सुटू हेही कळत होतं, आणि सुटण्याचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून ते तिसऱ्या विकेटच्या क्षणी आपण श्वास आत घेत होतो की बाहेर सोडत होतो, ते आठवू लागले. आत घेत असावेत. ते आत घेऊन थांबले. षटकार गेला. मग बाहेर सोडून बघितलं. चौकार. मग शालीचा विचार करून बघितला, तेव्हा तोच विचार चालू होता म्हणून. एकेरी धाव. गुडघ्यातली कळ आता मांडीत चढली होती. त्यांचे डोळे मिटले गेले आणि कडांना पाणी आलं. मनोजनं आणखी एक फोटो काढला.

ऑस्ट्रेलियाला जिंकायला तीसेक धावा उरल्या तेव्हा बाळारामशेठनी प्रोजेक्टर बंद केला.

"चला," ते म्हणाले. "देवळाची येळ झाली. मॅच काय, रोज अस्त्यात."

पुजाऱ्याला फोन गेला. टेम्पोत कुणी चाललं नाही. कर्णिकांना दोघांनी उचलून आत ठेवलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता, पण टेकडीच्या पायथ्याशी उतरल्यावर ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले, रुमालानं तोंड पुसलं, शर्ट नीट खोचला आणि पालखीच्या पुढच्या उजव्या दांड्यापाशी गेले.

दांड्यापाशी बाळारामशेठ आधीच उभे होते.

"शेठ, यंदा माझा नंबर आहे."

"व्हता ना, सर. झाला की."

"कुठे झाला?"

"आता दोन तास कोण उभं व्हतं?" शेठ लोकांकडं वळले. "पुढचा उजवा खांदा कोणाचा व्हता रे?"

"सरांचा!" लोक म्हणाले. हरलेल्या सामन्यानंतर एकमतानं काही बोलायला मिळालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

"अहो, पण तो गोडाऊनमध्ये! पायरीचा खांदा पायरीवर असतो!"

"पालखी तीच हाय ना? आई तीच हाय. खांदा तोच," राघो म्हणाला. "आन् पायऱ्या चढायला लागतात किती, दहा मिंटं. तुमी दोन तास घेतला. म्हंजे हिशेबानं सर, तुमचे बारा मान झाले. अकरा मान्सांचा मान तुमी एकट्यानं खाल्ला."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांच्या चेहऱ्यावर कर्णिकांबद्दल नाराजी दिसू लागली.

"गुणाबाई, तुम्ही सांगा," कर्णिक म्हणाले.

गुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "त्या तिसऱ्यानंतर अजून एक पाडली असती ना, मी सोता तुम्हाला कडेवर घेऊन वर नेलं असतं."

"सरांनी मन मोठं करावं," शेठ म्हणाले आणि वाकून दांडा खांद्यावर घेतला. "मला तर या खांद्याची हौस बी न्हाय. पण आज देश हरला. कोणी तरी पुढं व्हायला पायजे." मनोजनं मोबाइलचा लाइट पाडला. पालखी पहिली पायरी चढली. मागून कुणीतरी कर्णिकांच्या हातात पालखीचं लोखंडी स्टँड दिलं. वर ठेवायला ते लागणारच होतं.

कर्णिक स्टँड पहिल्या पायरीवर टेकवून, त्याचाच आधार घेऊन उभे राहिले. वरून जयघोष येत होता. खिशातला फोन वाजला. सुमती होती.

"काय हो, झाला का खांदा? इथे सगळ्याजणी बसल्यात. नीरजावहिनीसुद्धा आल्यात."

कर्णिकांनी पायऱ्यांकडं बघितलं. शेठ वर पोचत होते. नारळ फुटल्याचा आवाज आला.

"झाला," ते म्हणाले.

"किती वेळ होता तुमच्याकडे?"

"दोन तास."

"दोन तास! अहो, ऐकलंत का, दोन तास दिला ह्यांना!" पलीकडं बायकांचा गलका झाला. "मनोजने ग्रुपवर फोटो टाकलाय, आत्ताच बघितला. मागे काहीतरी खोकी दिसतायत ती मी कापून टाकली. पण तुमचा चेहरा काय आलाय हो! डोळ्यांत पाणी. वहिनी म्हणतायत, एवढी भक्ती ह्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं."

"हं," कर्णिक म्हणाले.

"आणि शाल?"

उद्या कॉलेज सुटल्यावर धामणकर नाक्यावर किती दुकानं उघडी असतील, याचा कर्णिकांनी विचार केला.

"शाल उद्या संध्याकाळी मिळणार आहे," ते म्हणाले, आणि स्टँड उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवलं.